माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजसाठी काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की आमच्या माजी विद्यार्थी संघाचा फोन वाजायला लागतो. कुणाच्या मुलाची ॲडमिशन असते, कुणाला जुना दाखला हवा असतो, आणि बोलता बोलता हळूच विषय निघतो: कॉलेजसाठी काहीतरी करायचं मनात आहे, पण काय करू? तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजच्या संघाचा मी गेली अकरा वर्षं खजिनदार आहे. वर्षानुवर्षं तेच सतरा-अठरा प्रश्न येतात. हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते टिपून ठेवत गेलो. ते इथे उत्तरांसकट देतो. उत्तरं माझी आहेत. काही पटणार नाहीत, तेही चालेल.

मी काही मोठा माणूस झालो नाही. माझ्याकडून कॉलेजला काय मिळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पहिला.

डॉ. रघुनाथ माशेलकर १९६० साली मॅट्रिकला राज्यात अकरावे आले. घरची परिस्थिती अशी की पुढचं शिक्षण थांबायचीच वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला साठ रुपये. त्या साठ रुपयांवर ते माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून, केमिकल इंजिनिअर झाले, तिथेच पीएच.डी. केली, आणि पुढे सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक म्हणून हळदीच्या पेटंटची लढाई लढले. ते साठ रुपये किती होते यापेक्षा ते दर महिन्याला न चुकता येत होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडचं सांगतो. नोव्हेंबरात परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऑफिसच्या खिडकीशी दुपारपासून उभी. हातात फॉर्म, घामाने मऊ पडलेला. रांगेतल्या मागच्यांना पुढे जाऊ देत होती, स्वतः पुढे येत नव्हती. आमच्या क्लार्क बाईंच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. त्यांनी विचारलं तेव्हा कळलं, फी अकराशे चाळीस आणि हातात सातशे. सोयाबीनचे पैसे यायचे होते. संघाच्या सहाय्य निधीतून चारशे चाळीस रुपये तिथल्या तिथे भरले. व्हाउचरवर तिची सही घेतली आणि विषय संपला.

तो सहाय्य निधी चाळीस जणांचा आहे. दरमहा दोनशे रुपये, बँकेतून आपोआप वळते होतात. वर्षाचे शहाण्णव हजार. या चाळिसांत दोन एसटी कंडक्टर आहेत, जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, एक मेडिकल दुकानवाले आहेत, आणि एक बाई आहेत ज्या शिवणकाम करतात. ‘मोठा’ म्हणावा असा त्यांत एकही नाही. पण फॉर्म भरायच्या आठवड्यात सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच निधी.

यशस्वी माजी विद्यार्थी कुणाला म्हणायचं?

प्राचार्यांच्या केबिनबाहेर फोटोंची रांग असते ना, तिथे तुम्हाला आमचं उत्तर दिसेल आणि ते मला फारसं पटत नाही. एक कलेक्टर, दोन डॉक्टर, एक अमेरिकेतले, एक आमदार. ही मंडळी मोठीच आहेत. पण आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. होऊन शेजारच्या आश्रमशाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेले गुरुजी त्या भिंतीवर नाहीत, आणि दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत येणारी निम्मी पोरं त्यांच्या हातून आलेली असतात.

मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर तुकडी १८६२ची. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघांचं कर्तृत्व सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या विषयाला धरून मला आठवतं ते वेगळं: भांडारकर १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि रानडे मराठीला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून शेवटपर्यंत झटत राहिले. ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्या बैठकांना वर्षानुवर्षं जाऊन बसायचं, वाद घालायचा, ठराव मांडायचे. हे काम फोटोत दिसत नाही.

मी पुढे आलो तो माझ्या कष्टाने. कॉलेजचा त्यात काय संबंध?

प्रश्न रास्त आहे, आणि विचारणारे बहुतेक वेळा खरोखर कष्टाने वर आलेले असतात. म्हणून मी वाद घालत नाही, हिशोब मांडतो. आमच्या वेळची वार्षिक फी आठवा. तेवढ्या पैशांत प्राध्यापकांचा एका आठवड्याचा पगारही निघाला नसता. उरलेलं सरकारने, म्हणजे कर भरणाऱ्या लोकांनी भरलं. जागा कुणीतरी दान दिलेली. इमारतीसाठी गावाने वर्गणी काढलेली. आपण त्या पंगतीत जेवून उठलो, इतकंच. वाढप्यांच्या रांगेत उभं राहायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरं असं की कॉलेजचा वाटा म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत एखाददुसऱ्या माणसाचा वाटा असतो. माशेलकरांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक प्रा. मनमोहन शर्मा. त्याच यूडीसीटीत शिकलेले मुकेश अंबानीही शर्मा सरांनाच गुरू मानतात. एक शास्त्रज्ञ, एक उद्योगपती, आणि फळ्यासमोर उभा एकच मास्तर. तुमचाही कुणीतरी असेल. ते अजून हयात असतील तर देणगीचा विचार नंतर करा, आधी त्यांना भेटून या.

हे माजी विद्यार्थ्यांचं आणि देणग्यांचं खूळ अमेरिकेतून आलं ना?

मेळाव्यातला केक आणि टी-शर्ट कदाचित तिकडून आले असतील. मूळ गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उदाहरण मी प्रत्येक सभेत देतो, आता लोक कंटाळले असतील. १८२१ साली पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून संस्कृत पाठशाळा निघाली, तिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. चिपळूणकर, टिळक, आगरकर इथलेच. शिकून बाहेर पडलेल्या याच मंडळींनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि वर्षभराने फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. म्हणजे एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी परतफेड म्हणून दुसरं कॉलेजच उभारलं.

गोष्ट इथे संपत नाही. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केलं. तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या देणगीमागचा हेतू सरकारला असा गुंडाळून ठेवता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. काही वर्षं हे चाललं. शेवटी १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचे दरवाजे पुन्हा उघडले, या वेळी पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून. भाषाशास्त्र, पुरातत्त्व या विषयांत आज त्या संस्थेचा जो दबदबा आहे, तो जुन्या पोरांनी नेट लावून दावा लढवला म्हणून. त्यांनी मेळावा भरवून नुसता ग्रुप फोटो काढला असता तर येरवड्याच्या त्या आवारात आज काय असतं कुणास ठाऊक.

साताऱ्याकडचं उदाहरण आणखी साधं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले आणि वकिलीचा कोट घालायचं सोडून रयत शिक्षण संस्थेत शिकवायला लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कमवा आणि शिका योजनेत घडलेल्या पोरांनी परत येऊन तिथेच शिकवायचं, हे रयतमध्ये अनेकांनी केलं.

आयआयटीवाल्यांना कोट्यवधी मिळतात. आमच्या कॉलेजला का नाही?

आकडे खरे आहेत. नंदन निलेकणी १९७३ साली पवईला शिकायला गेले. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून जून २०२३ मध्ये त्यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरून चारशे कोटी. त्याच वर्षी १९९८च्या बॅचने रौप्यमहोत्सवाला मिळून ५७ कोटी दिले. त्याआधीचा बॅचचा उच्चांक १९७१च्या तुकडीचा होता, ४१ कोटी. मद्रासला कृष्णा चिवुकुला यांनी २०२४ मध्ये २२८ कोटी दिले.

हे ऐकून आमच्या सभेत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘त्यांचे लोक श्रीमंत आहेत हो.’ आहेतच. पण श्रीमंत माजी विद्यार्थी बऱ्याच कॉलेजांना असतात आणि मिळत मात्र नाही. पवईची रीत बघा. माजी विद्यार्थ्यांचं काम बघायला स्वतंत्र अधिष्ठाता, म्हणजे डीन, आहे. अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या तिथे देता यावं म्हणून तिकडे वेगळी संस्था नोंदवलेली आहे. पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या बॅचने काहीतरी मागे ठेवायचं हा शिरस्ता आहे, आणि त्यात मागच्या बॅचला मागे टाकायची खुमखुमी असते. ५७ कोटी देणाऱ्यांत दोनशेहून जास्त जण होते. म्हणजे दोनशेहून जास्त जणांचे पत्ते, फोन, कोण कुठे आहे ही माहिती कुणीतरी पंचवीस वर्षं सांभाळली होती.

आमच्या संघात मी खजिनदार झालो तेव्हा आमच्याकडे होतं एक रजिस्टर. त्यातले पत्ते ‘मु. पो.’ ने सुरू होणारे आणि निम्मी गावं धरणाखाली गेलेली. लोकांनी दिलं नाही असं म्हणायला आम्ही त्यांना कधी विचारलं तरी कुठे होतं? पहिली तीन वर्षं मी एकही देणगी मागितली नाही, फक्त यादी केली.

देणगी देताना अटी घालाव्यात का?

घाला, पण आधी विचारा. आमच्याकडे पॅसेजमध्ये तीन वॉटर कूलर आहेत, तिन्ही वेगवेगळ्या बॅचचे, तिन्हींवर नावं. एकच चालतो. कूलर द्यायला सगळे तयार असतात, त्याची वार्षिक देखभाल आणि विजेचं बिल कुणाच्या पाटीवर येत नाही. आणि मुलींच्या स्वच्छतागृहात त्या काळात पाणी नव्हतं. ही गोष्ट आम्हा पुरुष मंडळींच्या समितीला चार वर्षं सुचली नाही. समितीवर पहिल्यांदा दोन बायका आल्या, त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं. साडेनऊ हजारांत पाइप आणि टाकी झाली.

मोठ्या रकमांतही हेच. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आयसीटीला, म्हणजे जुन्या यूडीसीटीला, १५१ कोटी रुपये जाहीर केले. गुरुदक्षिणा म्हणून, शर्मा सरांच्या सांगण्यावरून. त्यातला १५१ हा आकडा सगळ्यांनी छापला. मला त्यातला ‘बिनशर्त’ हा शब्द भारी वाटला. संस्थेला कशाची गरज आहे ते संस्थेने ठरवायचं. एवढा विश्वास टाकणं सगळ्यांना जमणार नाही, आणि सगळ्या संस्था त्या लायकीच्या असतात असंही नाही. मधला मार्ग असा: ‘ग्रंथालयासाठी’ किंवा ‘गरजू मुलांसाठी’ एवढंच लिहून द्या. ‘गरजू, अमुक समाजाचा, साठ टक्क्यांच्या वर, कबड्डी खेळणारा’ असं लिहिलंत तर तो मुलगा काही सापडत नाही आणि व्याज पडून राहतं. असा एक निधी आमच्याकडे आहे.

ऑफिसमधले जुने कॉम्प्युटर द्यायचे आहेत. चालतील?

पाच वर्षांच्या आतले, चालू, चार्जर-कीबोर्डसकट असतील तर हो. नाहीतर नको. एकदा टेम्पो भरून चोवीस संगणक आले. त्यांतले सहा सुरू झाले. बाकीचे अठरा भंगारात द्यायला आम्हालाच ठराव, पंचनामा, ई-कचरावाला शोधणं हे सगळं करावं लागलं. आणि लक्षात ठेवा, वस्तूरूपाने दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही.

पुस्तकांचंही तसंच. वडिलांच्या कपाटातली सगळी पुस्तकं एकदम पाठवण्याआधी यादी पाठवा. ग्रंथपाल मॅडम खुणा करून देतील.

पावती आणि करसवलतीचं काय?

थोडक्यात. कॉलेज चालवणारी संस्था वेगळी आणि माजी विद्यार्थी संघ वेगळा. दोघांचं पॅन वेगळं. ज्याच्या नावाने पैसे देता त्याला ‘८० जी’ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, मान्यता आहे ना, ते आधी विचारून घ्या. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले तरी बोलताना सगळे ८० जीच म्हणतात. आमच्यासारख्या संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर वजावट नाही. नुसती छापील पावती पुरत नाही, संस्थेने आयकर खात्याच्या साइटवरून काढलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी तुमचा पॅन आम्हाला हवा. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळातच नाही. ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळून माझ्यावर चिडू नका.

स्वतःची कंपनी असेल तर सीएसआरमधूनही, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या खर्चातूनही, देता येतं. शिक्षण हा त्यात बसणारा विषय आहे. तुमच्या सीएला विचारा, मला नको.

मी परदेशात असतो. पैसे कसे पाठवू?

तुमचा पासपोर्ट कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. नेहमीच्या खात्यावर चालते. नागरिकत्व बदललं असेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. आमच्या संघाकडे ही नोंदणी नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या एका मित्राचे पाचशे डॉलर आम्ही हात जोडून परत पाठवले. त्याला आधी राग आला होता. मग त्याने काय केलं, दर रविवारी रात्री आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ऑनलाइन सांख्यिकी शिकवायला लागला. अजून शिकवतो.

पाठवण्याआधी पासपोर्टची प्रत मागितली तर वाईट वाटून घेऊ नका.

आईच्या नावाने कायमचं पारितोषिक ठेवायचं आहे. किती रक्कम लागेल?

इथे जरा थांबून बोलतो, कारण या बाबतीत भावनेच्या भरात चूक होते.

आमच्या दफ्तरात १९६८ सालची एक ठेव आहे, पाचशे रुपयांची. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला रौप्यपदक द्यावं असं लिहिलेलं. त्या काळी पाचशे म्हणजे मोठीच रक्कम, कुणीतरी महिन्याचा पगार तर नक्कीच घातला असेल. आज तिचं वर्षाचं व्याज पस्तीस रुपयांच्या आसपास येतं. पदक सोडा, त्यात प्रमाणपत्राची फ्रेम बसत नाही. तरी आम्ही दरवर्षी स्टेजवरून ते नाव वाचतो, मुलगी टाळ्यांत वर येते आणि एक पेन घेऊन जाते. पेनचे वरचे पैसे मी किंवा सेक्रेटरी टाकतो.

म्हणून आता आमचा नियम: किमान एक लाख. सात टक्के धरले तर सात हजार व्याज. त्यातले पाच हजार वाटायचे आणि दोन हजार मुद्दलात परत घालायचे. म्हणजे वीस वर्षांनी तुमच्या आईच्या नावाचं बक्षीस घेऊन कुणी पेनवर घरी जाणार नाही. एक लाख जमत नसतील तर कायमच्या निधीचा हट्ट सोडा. पाच वर्षं दरवर्षी पाच हजार द्या, त्यांच्या नावाने. पोरीला त्या वर्षी पुस्तकं घ्यायला पैसे मिळाल्याशी मतलब.

नाव लागेल का?

लागेल. पंचवीस हजारांच्या वर लाकडी फलकावर, सहज दिसेल असं. नाव नको म्हणणारेही आहेत, त्यांना वर्षाला एक पोस्टकार्ड पाठवतो. खोलीला, सभागृहाला नाव द्यायचा अधिकार संघाला नाही, तो संस्थेच्या कार्यकारिणीचा विषय आहे. त्यासाठी मला जेवायला नेऊन उपयोग नाही. जेवायला मात्र येईन.

माझ्याकडे पैसे नाहीत, वेळ आहे.

मग तुमचीच जास्त गरज आहे. फक्त ‘यशाची गुरुकिल्ली’ या विषयावर भाषण देऊ नका. मुलं टाळ्या वाजवतात आणि मागच्या बाकांवर मोबाइल बघतात. तुम्ही बँकेत असाल तर कर्जाचा अर्ज कुठल्या पानावर अडकतो ते दाखवा. औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असाल तर मुलाखतीत कोणता प्रश्न हमखास येतो आणि आमची मुलं त्यावर काय चुकीचं सांगतात, ते सांगा. तुम्हाला पहिल्या नोकरीतून काढलं असेल तर ते तर नक्कीच सांगा. गेल्या वर्षी भोसरीच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज असलेला आमचा एक विद्यार्थी आला होता. त्याने कंपनीची सॅलरी स्लिप स्क्रीनवर लावली आणि पीएफ, ईएसआय, हातात येणारी रक्कम असं ओळ न् ओळ समजावलं. दीड तास एक मूल हललं नाही.

इंटर्नशिपला दोन मुलं घेता आली तर आणखी चांगलं. आणि पुण्यामुंबईत नवीन आलेल्या मुलाला पहिले पंधरा दिवस झोपायला जागा देणं, हेही मी संघाच्या अहवालात देणगी म्हणूनच लिहितो.

कॉलेजला आमची आठवण नॅकच्या वेळीच का येते?

खरं आहे. नॅक ही कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, आणि तिच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही बघितला जातो. नोंदणीकृत संघ आहे का, त्याने काय दिलं, वगैरे. त्यामुळे समिती यायच्या तीन महिने आधी तुम्हाला फोन, मेसेज, निमंत्रण, फेटा, सगळं येतं. मला यात गैर काही वाटत नाही. लग्नाच्या निमित्ताने का होईना, नातेवाईक भेटतात. फक्त समिती गेल्यावर बैठकीची पुढची तारीख ठरवूनच उठायचं, एवढं आम्ही या वेळी केलं.

पैसा आणि वेळ सोडून आणखी काही करता येतं?

मत देता येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. फी, निकालाचे घोळ, वसतिगृहं, अर्थसंकल्प यांवर तिथे प्रश्न विचारता येतात. पण पदवी मिळाली म्हणजे मतदार झालो असं नाही. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत या मतदारसंघाच्या यादीत जेमतेम तेरा हजारांच्या आसपास नावं होती. त्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पदवीधरांची संख्या डोळ्यांसमोर आणा. निकालाला उशीर झाला की आपण सगळे व्हॉट्सॲपवर विद्यापीठाला शिव्या घालतो. नोंदणीचा फॉर्म मात्र भरत नाही.

मेळाव्याला दोन हजार वर्गणी कशासाठी?

जेवण, मंडप, साउंड, स्मृतिचिन्ह. या वर्षीपासून शालश्रीफळ बंद. स्मृतिचिन्हही बंद करावं असं माझं मत होतं, बहुमत नव्हतं. जेवणात बासुंदी राहील.

कॉलेजवर माझा राग आहे. तरीही मी यावं?

या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देता येईल, पण नको. काहींना इथे खरोखर अपमान सोसावे लागले आहेत. कुणाला आडनावावरून, कुणाला इंग्रजीवरून, कुणाला फी उशिरा भरली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं गेलं. एका गृहस्थांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, ‘त्या इमारतीला मी एक रुपया देणार नाही. पण फी न भरल्यामुळे कुणाला बाहेर उभं करणार असतील तर त्याची फी मी भरीन, फक्त मला कळवा.’ आम्ही कळवतो. गेल्या सात वर्षांत ते कॉलेजच्या फाटकातून आत आलेले नाहीत. त्यांचं नाव फलकावरही नाही. एकवीस मुलांची फी त्यांनी भरली आहे.

हिशोब कोण बघतं?

संघ सोसायटी नोंदणी अधिनियम आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेला आहे. दरवर्षी लेखापरीक्षण होऊन हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट दाखल करतो. हे न केल्यामुळे चांगले चाललेले संघ बँक खातं गोठून बसलेले मी पाहिले आहेत. जुने अध्यक्ष वारलेले आणि सहीचा अधिकार अजून त्यांच्याच नावावर, अशी परिस्थिती. दुसऱ्या कॉलेजच्या कुणाला संघ काढायचा असेल तर या एका गोष्टीकडे आधी लक्ष द्या.

खर्चाची यादी ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत वाचतो. सभासद असा किंवा नसा, येऊन बसा. मागच्या सभेला अकरा जण होते.

तुमचं ऑफिस कुठे आणि कधी उघडं असतं?

जुन्या सायकल स्टँडच्या मागे, एनसीसीच्या खोलीला लागून. शनिवारी चार ते सहा. दाराला कडी लावलेली दिसली तर मी समोर चहाच्या टपरीवर असतो, हाक मारा. पावतीपुस्तक पिशवीत असतं.